उष्ण, वादळी हवेत घराच्या खिडक्या आणि साइडिंग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडक्या आणि बाहेरच्या भिंतींवरचं आवरण बदलायला निघालेली माणसं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरीच वर्षं या कामात घालवल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. वादळात काच फुटते ती सगळ्यांना दिसते, पण घराचं खरं नुकसान बहुतेक वेळा खिडकी आणि भिंत जिथे भेटतात त्या सांध्यातून झिरपलेल्या पाण्याने होतं, आणि ते दिसायला कधीकधी वर्षं लागतात. म्हणून काचेपेक्षा सांध्यावर मी इथे जास्त लिहिलं आहे.

१. खिडक्या आणि साइडिंग एकाच वेळी बदलायला हवं का?

दोन्ही थकले असतील तर हो. खिडकीभोवती पाणी बाहेर वळवणारी पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, साइडिंगच्या मागे जाते. साइडिंग न काढता ती नीट बसवता येत नाही. आधी साइडिंग बदललं आणि दोन वर्षांनी खिडक्या काढल्या, तर कोरं साइडिंग चारही बाजूंनी उचकटावं लागतं.

खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर ‘यंदा खिडक्या, पुढच्या वर्षी साइडिंग’ असे टप्पे पाडू नका. घराची एकेक बाजू पूर्ण करा. ज्या बाजूने पावसाची झड येते ती सगळ्यात आधी.

२. साइडिंग अजून चांगलं आहे. जुन्या चौकटीतच नवी खिडकी बसवली तर?

चालतं, पण जुनी चौकट कोरडी, भक्कम आणि गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, असेल तरच. आधी टोकदार पेचकस घेऊन चौकटीचे खालचे दोन कोपरे टोचून पाहा. पेचकस लाकडात सहज घुसला, तर ओल आधीच आत शिरली आहे आणि नवी खिडकी त्या कुजक्या लाकडावरच उभी राहणार. वादळी वाऱ्याचा सगळा भार शेवटी स्क्रूंवर येतो, आणि ते स्क्रू ज्यात धरले आहेत तेच मऊ असेल तर खिडकी कितीही महाग असली तरी उपयोग नाही. अशा वेळी चौकटीसकट काढा.

३. साइडिंगच पाणी अडवतं ना? मग त्याच्या मागे आणखी थर कशाला?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. साइडिंग ऊन, गारा आणि पावसाचा पहिला मारा झेलतं. थोडं पाणी त्याच्या मागे जाणारच, असं गृहीत धरूनच भिंत रचायची असते. पाणी खरं अडवतो तो मागचा थर: भिंतीला लपेटलेला जलरोधक पडदा, त्याला जोडलेलं फ्लॅशिंग आणि पाणी निथळायला ठेवलेली मोकळी जागा. साइडिंग आणि पडदा यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या ठोकून सुमारे १० मिलिमीटर किंवा जास्त पोकळी ठेवली, तर आत आलेलं पाणी खाली ओघळून बाहेर पडतं आणि हवा खेळून भिंत वाळते. पोकळीच्या खालच्या तोंडाला किड्यांसाठी जाळी लावा, पण ते तोंड बंद करू नका.

कामाच्या अंदाजपत्रकात साइडिंगच्या रंगाचे तीन पर्याय आणि पडद्याचा उल्लेखही नाही, असं असेल तर तिथेच थांबून विचारा.

४. खिडकी बदलायची वेळ आली हे कसं ओळखू?

चौकटीखालच्या भिंतीवर रंगाचे फुगे किंवा कोपऱ्यातून उतरणारे डाग, पावसाळ्यात घट्ट होणारी झडप, वाऱ्यात खडखडणारं तावदान या खुणा गंभीर आहेत. दुहेरी काचेच्या आत धुकं साचणं मात्र तितकं गंभीर नाही. काचांमधलं सील गेलं, एवढाच त्याचा अर्थ. चौकट धड असेल तर फक्त काचेची जोडी बदलून काम भागतं, आणि हे अनेकांना कोणी सांगतच नाही.

५. ऊन आत येऊ नये म्हणून काच कोणती घ्यावी?

लेबलवर एसएचजीसी हा आकडा शोधा. काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती भाग आत येतो, ते तो सांगतो. साध्या एकेरी काचेचा आकडा ०.८ च्या आसपास असतो. चांगल्या लो-ई लेपाच्या, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या अतिपातळ थराच्या, दुहेरी काचेत तो ०.२५ किंवा त्याखाली येतो. म्हणजे तीच खिडकी, तोच आकार, आणि आत येणारी उष्णता एक तृतीयांशाहूनही कमी.

लेप कोणत्या पृष्ठभागावर आहे हेही विचारा. बाहेरून आत पृष्ठभाग मोजले तर उष्ण हवेत तो दुसऱ्यावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. उष्णता तिथूनच परतते, आतली काच तापत नाही. थंड प्रदेशासाठी बनवलेल्या काचेत तो तिसऱ्या पृष्ठभागावर असू शकतो, आणि अशी काच सूर्याची ऊब मुद्दाम आत घेते. दोन्ही काचा दिसायला सारख्याच असतात.

आणि काच कितीही भारी घ्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली देणारा छज्जा, झडप किंवा झाड तिच्याहून जास्त काम करतं. ऊन काचेवर पडण्याआधीच अडलेलं बरं. आतला पडदा ओढून थोडाच फायदा होतो, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते.

६. दुहेरी काच थंड प्रदेशासाठी असते ना? इथे तिचा काय उपयोग?

थंडीत आतबाहेरच्या तापमानात ३०–४० अंशांचा फरक पडू शकतो, उष्ण हवेत तो बहुतेक वेळा १०–१५ अंशांचाच असतो. त्यामुळे इथे नुसत्या दुहेरीपणाचा फायदा कमी, हे खरं. पण सगळ्यात प्रभावी लो-ई लेप नाजूक असतात, उघड्या हवेत टिकत नाहीत. त्यांना दोन काचांमधल्या बंद जागेतच ठेवावं लागतं. म्हणून दुहेरी काच घ्यायची ती त्या लेपासाठी. लेपाशिवायच्या दुहेरी काचेवर जादा पैसे घालू नका, ते बाहेरच्या सावलीवर घाला.

७. टफन्ड काच वादळात टिकते, असं दुकानदार म्हणतो. खरं का?

अर्धंच खरं. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार केलेली काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बोथट तुकडे होतात, त्यामुळे माणसाला इजा कमी होते. पण फुटते तेव्हा ती पूर्णच कोसळते, आणि मागे उरतं मोकळं भगदाड. कडेला बसलेला छोटा दगडही तिला पुरतो. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल तर क्वचित ती कोणी हात न लावताही फुटते.

वादळासाठी लॅमिनेटेड काच हवी. दोन काचांच्या मध्ये चिवट पारदर्शक थर असतो. काच तडकली तरी थर तिला धरून ठेवतो आणि खिडकी बंदच राहते. वादळात खिडकी शाबूत राहण्यापेक्षा ती बंद राहणं महत्त्वाचं आहे, आणि त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

जुन्या काचेवर वरून चिकटवलेली सुरक्षा फिल्म लॅमिनेटेड काचेची जागा घेत नाही. ती तुकडे एकत्र धरते खरी, पण कडेला चौकटीशी बांधलेली नसेल तर फिल्मसकट अख्खं तावदान आत येतं.

८. ‘इम्पॅक्ट रेटेड’ म्हणजे नक्की कोणती चाचणी?

ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातल्या घरांची दैना केली. त्यानंतर तिथल्या बांधकाम नियमांत ही चाचणी आली. सुमारे ४.१ किलोचा लाकडी वासा ताशी साधारण ५५ किलोमीटर वेगाने खिडकीवर मारतात. मग तीच तडकलेली खिडकी हजारो वेळा आलटूनपालटून आत दाबतात आणि बाहेर ओढतात, कारण खरं वादळ एक धक्का देऊन निघून जात नाही, तासन्‌तास हिसके देत राहतं. इतकं होऊनही भगदाड पडलं नाही, तर खिडकी उत्तीर्ण. उंच मजल्यांसाठी वाशाऐवजी छोट्या पोलादी गोळ्या वापरतात, कारण तिथपर्यंत वासे कमी आणि खडी जास्त पोचते.

खरेदी करताना एवढं लक्षात ठेवा: प्रमाणपत्र अख्ख्या खिडकीचं असतं. काच, चौकट, बिजागऱ्या, किती अंतरावर किती लांबीचे स्क्रू, हे सगळं त्यात येतं. चाचणीतली काच वेगळ्या चौकटीत बसवली किंवा निम्मेच स्क्रू मारले, तर ते प्रमाणपत्र तुमच्या खिडकीला लागू होत नाही. म्हणून प्रमाणपत्रासोबत बसवणीचा नकाशा मागा आणि काम चालू असताना स्क्रू मोजा. यात संकोच करू नका.

९. वारा खिडकीवर किती जोर लावतो? आणि एक खिडकी फुटली तर इतकं काय बिघडतं?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा मूळ दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका होतो. वेग दीडपट, म्हणजे १८० झाला की तो सव्वादोन पट, सुमारे १५३ किलो. दीड मीटर बाय १.२ मीटरच्या खिडकीवर हा भार पावणेतीनशे किलोच्या घरात जातो. घराच्या कोपऱ्यांजवळ वारा भिंतीला बाहेर ओढतो, आणि ती ओढ भिंतीच्या मधल्या भागापेक्षा जास्त असते. म्हणून कोपऱ्यालगतच्या खिडक्यांचे आणि साइडिंगचे स्क्रू जवळजवळ मारतात.

वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली की वारा आत शिरून घर फुगवतो. बाहेरून वारा छपराला वर ओढत असतोच, त्यात आतून ढकलणं मिळतं. छपरं उडतात त्यामागे बऱ्याचदा आधी गेलेली खिडकी किंवा गॅरेजचं दार असतं.

१०. मग वादळात एक खिडकी उघडी ठेवून दाब समान करायचा का? काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची का?

दोन्ही नाही. उघडी खिडकी म्हणजे स्वतःच्या हाताने पाडलेलं भगदाड, आणि वारा दिशा बदलतो तेव्हा ती पळत जाऊन बंद करता येत नाही. चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही, उलट फुटल्यावर मोठे, जड तुकडे एकत्र राहून उडतात. इम्पॅक्ट खिडकी किंवा शटर नसेल तर किमान १६ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड लावा. स्क्रू भिंतीच्या भक्कम भागात जाऊ द्या, खिडकीच्या चौकटीत नको. आणि प्लायवूडचे तुकडे हवामान चांगलं असतानाच मापाने कापून, प्रत्येकावर खिडकीचा क्रमांक लिहून ठेवा.

११. सरकती खिडकी घ्यावी की बिजागरीची?

झडीच्या बाजूला बिजागरीची. बाहेर उघडणारी झडप बंद असताना वारा तिला रबरी पट्टीवर आणखी दाबतो. सरकत्या खिडकीत झडप हलण्यासाठी फट ठेवावीच लागते, आणि वारा त्या फटीतून रुळातलं पाणी वर ढकलतो.

हा हिशेब सोपा आहे. १० मिलिमीटर उंचीचं पाणी सुमारे ९८ पास्कल दाब पेलतं. रुळाची आतली कड ५० मिलिमीटर उंच असेल तर साधारण ४९० पास्कलपर्यंत पाणी आत येणार नाही. त्यापुढे ते कडेवरून घरात. प्रश्न ९ मधला १२० किलोमीटरचा वारा सुमारे ६७० पास्कलचा आहे. म्हणजे सरकती खिडकी घ्यायचीच असेल तर कडेची उंची मोजून घ्या. बुटकी, दिसायला सुबक कड वादळी बाजूला नको.

१२. चौकट कशाची असावी?

ॲल्युमिनियम ताकदवान असतं, पण उष्णता सहज आत नेतं, म्हणून मध्ये उष्णतारोधक पट्टी असलेलं घ्या. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, उष्णता कमी नेतं आणि गंजत नाही, मात्र मोठ्या झडपेत आतून पोलादी पट्टी हवीच. गडद रंगाचं यूपीव्हीसी भर उन्हात वाकू शकतं, म्हणून तिथे फिका रंग बरा. फायबरग्लास या दोन्हींपेक्षा कमी कुरकुर करतं, मिळालं तर विचार करा. लाकूड खोल छज्ज्याखाली आणि नियमित रंगरंगोटी करणाऱ्यांच्या घरीच.

१३. आणि साइडिंग कोणतं?

वादळी, कडक उन्हाच्या जागी माझी पहिली पसंती फायबर सिमेंटला, म्हणजे तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या फळ्यांना, आहे. ते जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि उन्हाने मऊ पडत नाही. त्याच्या अटी दोन. कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करायची, आणि खालची कड जमिनीपासून सुमारे १५० मिलिमीटर वर ठेवायची, नाहीतर उडणाऱ्या चिखलपाण्याने तिथूनच ते फुगतं. कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असते. कामगारांनी मुखपट्टी लावली आहे का, धूळ कमी उडवणारं हत्यार आहे का, हे घरमालकाने पाहायला हवं.

व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं साइडिंग, हलकं आणि स्वस्त, पण ते बसवणारा जाणकार हवा. साडेतीन मीटरची पट्टी पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या तापात येईपर्यंत जवळपास एक सेंटिमीटर वाढते. म्हणून खिळा लांबट भोकाच्या मधोमध मारून सुमारे एक मिलिमीटर सैल ठेवतात आणि पट्टी आडवी सरकते का ते हाताने पाहतात. खिळा आवळला की उन्हाळ्यात लाटा उठतात. वादळात एक पट्टी सुटली की वारा तिच्याखाली शिरून शेजारच्या सोडवत जातो. म्हणून वादळासाठी मान्यता असलेला, दुमडीच्या जाड कडेचा प्रकारच घ्या.

पत्र्याचं साइडिंग टिकतं, पण कडा आणि कोपरे घट्ट हवेत, आणि समुद्राजवळ प्रश्न १८ वाचून मगच ठरवा.

१४. आमचं व्हिनाइल साइडिंग एकाच पट्ट्यात वितळल्यासारखं झालंय. माल खराब होता का?

समोरच्या खिडकीकडे पाहा. लो-ई काच बरीच उष्णता परतवते. दुहेरी काचांमधल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की काच किंचित आत बाकते आणि अंतर्वक्र आरशासारखी ऊन एका पट्ट्यावर गोळा करते. व्हिनाइल ७०–७५ अंशांच्या सुमारास मऊ पडतं, त्यामुळे तेवढा पट्टा विरघळल्यासारखा दिसतो. पट्ट्या बदलल्या तरी पुन्हा तेच होईल. त्या खिडकीवर बाहेरून जाळी किंवा झाप लावली की परावर्तन तुटतं. खिडकी शेजाऱ्यांची असेल तर त्यांच्याशी शांतपणे बोला. त्यांनी काही चुकीचं केलेलं नसतं.

१५. खिडकी बसवताना पाणी आत येऊ नये म्हणून नेमकं काय पाहायचं?

एकच नियम: वरचा थर खालच्या थरावर यावा, कौलांसारखा. कुठेही वरून येणारं पाणी एखाद्या थराच्या मागे शिरत असेल, तर काम चुकलं.

क्रम असा. आधी खिडकीच्या जागेचा उंबरा बाहेर उतरता करायचा आणि त्यावर जलरोधक तबक बसवायचं, आतल्या बाजूला उभी कड असलेलं. खिडकी कधी ना कधी गळणारच असं धरून हे तबक बसवतात. गळालेलं पाणी या कडेमुळे घरात न येता बाहेर वाहतं. मग खिडकी ओळंब्यात बसवून स्क्रू मारायचे. नंतर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तबकाच्या कडांवर चिकटवायच्या. शेवटी वरची पट्टी, बाजूच्या पट्ट्यांवर येईल अशी. आणि त्या वरच्या पट्टीवर भिंतीचा जलरोधक पडदा खाली सोडायचा. पडदा आधी वर दुमडून ठेवलेला असतो, तो याच वेळी खाली येतो. घाईत पडदा पट्टीच्या मागे राहतो, वरून साइडिंग बसतं आणि पुढची पाच-सात वर्षं कोणाला काही कळत नाही. मी उघडलेल्या कुजक्या भिंतींमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त वेळा दिसली आहे.

खिडकीच्या खालच्या कडेला बाहेरून सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लगदा, भरू नका. तबकातल्या पाण्याला बाहेर पडायला तीच वाट आहे. साइडिंग चढण्याआधी प्रत्येक खिडकीचे चार फोटो काढून ठेवा.

१६. चौकटीच्या तळाशी बारीक भोकं आहेत, त्यातून मुंग्या येतात. बुजवू का?

कृपा करून बुजवू नका. रुळात आलेलं पाणी त्यातूनच बाहेर जातं. मुंग्यांसाठी झाकणवाली टोपणं किंवा बारीक जाळी मिळते. पावसाळ्याआधी भोकं तारेने साफ करा आणि रुळात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का पाहा.

१७. भिंत उघडलीच आहे, तर आतून प्लास्टिकचा कागद लावून ओल अडवू का?

एसी चालणाऱ्या घरात नको. उष्ण, दमट हवेत बाष्प बाहेरून आत येतं. ते आतल्या गार प्लास्टिकला भिडून पाणी होतं आणि भिंतीतच अडकतं. व्हिनाइलच्या वॉलपेपरमागे काळी बुरशी येते ती याच कारणाने. आतला थर बाष्प जाऊ देणारा असावा, साधा रंग पुरतो. आतून प्लास्टिक लावण्याचा सल्ला थंड प्रदेशांतून आला आहे.

१८. समुद्र जवळ आहे. स्क्रू आणि फ्लॅशिंगमध्ये वेगळं काय?

३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील वापरा. त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ दर्जापेक्षा जास्त टिकतं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकवू नका, ओलसर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ओल्या सिमेंटशीही उघडं ॲल्युमिनियम लागू देऊ नका.

१९. सीलंट कोणतं?

उदासीन, म्हणजे न्यूट्रल क्युअर प्रकारचं. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन धातू आणि सिमेंटला बाधतं, लॅमिनेटेड काचेच्या कडेलाही ते नको. रुंद सांध्यात आधी फोमची दोरी दाबा, मग सीलंट भरा. त्याने फक्त दोन बाजूंना चिकटावं, तळाला नाही, तरच ते ताणलं जाऊ शकतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, हे रंगकाम ठरवण्याआधी ध्यानात घ्या.

२०. जुनं साइडिंग काढताना काही धोका?

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि जुन्या तेलरंगात शिसं. तपासणी होईपर्यंत कापू, घासू किंवा फोडू नका. ॲस्बेस्टॉसचा धोका श्वासात जाणाऱ्या तंतूंचा असतो, त्यामुळे ते काढण्याचं काम प्रशिक्षित माणसांकडेच द्या. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया असलेल्या घरात शिशाच्या रंगाबद्दल जराही सवलत घेऊ नका.

२१. काम अर्धवट असताना वादळाचा इशारा आला तर?

म्हणूनच एका दिवसात बंद करता येतील तेवढ्याच खिडक्या उघडायच्या, आणि हे करारात लिहून घ्यायचं. इशारा आला की उघड्या जागांवर प्रश्न १० मधला प्लायवूड, पडद्याच्या सुट्या कडांवर आडव्या पट्ट्या, आणि परांचीचे वासे, फळ्या, साइडिंगच्या थप्प्या आत किंवा बांधून. मोकळा पडलेला माल वाऱ्यात उडतो आणि तुमच्याच नाहीतर शेजारच्या खिडकीवर आदळतो.

२२. लॅमिनेटेड काच फुटत नाही, मग आगीत बाहेर कसं पडायचं?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात, आणि तो प्रत्येकाने विचारायला हवा. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एक खिडकी आतून, किल्लीशिवाय, पूर्ण उघडणारी आणि माणूस बाहेर पडेल एवढी असावी. तिला गज किंवा जाळी असेल तर तीही आतून उघडणारी. वादळासाठी लावलेली शटरंही आतून उघडता यायला हवीत. घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनी आणि मुलांनीही, ती खिडकी स्वतः एकदा उघडून पाहावी.

२३. वादळ गेलं, काच तडकली पण जागेवर आहे. राहू देऊ का?

नाही. तिने आपलं काम केलं, पण पुढच्या वादळासाठी ती खात्रीची राहिलेली नाही. तडकलेल्या कडेतून पाणी मधल्या थरात शिरतं आणि काच दुधाळ होते. झडपेचे कोपरे, बिजागऱ्या आणि चौकटीचे स्क्रूही तपासून घ्या. तडा एका कोपऱ्यातून सुरू झाला असेल तर चौकट वाकली आहे का, तेही पाहा.

२४. काम नीट झालं का, हे पैसे चुकते करण्याआधी कसं तपासू?

बागेच्या नळीने. एक माणूस आत बॅटरी घेऊन, एक बाहेर. पाणी आधी फक्त खिडकीच्या खालच्या कडेवर दहा मिनिटं सोडा, मग बाजूंवर, मग वरच्या कडेवर, आणि सगळ्यात शेवटी वरच्या भिंतीवर. खालून वर हाच क्रम ठेवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून आत आलं ते कळत नाही. आत थेंब दिसला की त्या टप्प्यावर खूण करा आणि बसवणाऱ्याला तो थेंब त्याच्या डोळ्यांनी पाहू द्या. ही तपासणी निदान एका खिडकीवर साइडिंग चढण्याआधी झाली, तर दुरुस्तीला एक पट्टी पुरते. नंतर सापडलं तर भिंत उघडावी लागते.